ङ

शाळेत गुरुजी छडीने क, ख, ग, घ दाखवायचे
आणि ङ वर आले की म्हणायचे, हा असू द्या.
तक्त्यावर कमळ, खटारा, गवत, घर,
पाचव्या चौकोनात नुसतं अक्षर.
चित्र नाही.
चाळीस वर्षं मी, मोतीलाल बडगुजर, राहणार धरणगाव,
त्याच्यावाचून गाडी चालवली.

परवा केळीच्या रोपांच्या लॅबमधून फोन:
व्हिएतनामच्या मॅडम आहेत, रविवार मोकळा आहे,
काही जुनं-बिनं दाखवून आण.
नाव विचारलं तर साहेब म्हणाले,
न्गा, नागा, असंच काहीतरी.

मॅडमनी स्वतः सांगितलं तेव्हा आम्ही बांभोरीच्या पुलावर होतो,
खाली गिरणा, तिच्यात पाण्यापेक्षा वाळूचे ट्रॅक्टर जास्त.
मी तीनदा चुकलो, मग सापडलं:
पंखा म्हणायला निघायचं, ख यायच्या आधी थांबायचं,
आणि तिथूनच आ.
ङा.
ती एवढी हसली की मागून कापसाच्या ट्रकने हॉर्न मारला.

पारोळ्याचा किल्ला बाजाराच्या पोटात.
मिरच्यांच्या ढिगांतून, बांगड्यांच्या गाड्यांतून
एकदम दगडी बुरूज समोर येतो,
उधारी मागायला आलेल्या माणसासारखा.
तिकीट कुठे, तिने खुणेने विचारलं.
तिकीट नाही.
तिच्या ह्वे शहरात राजवाड्याला तिकीट आहे, रांग आहे,
खंदकात कमळं आहेत.
आमच्या खंदकात पिशव्या होत्या. मी बघत राहिलो तिच्या चेहऱ्याकडे,
ती बघत होती पाण्याकडे.

तिच्या फोनमध्ये एक बाई आहे, शुद्ध मराठी बोलते.
ती म्हणाली:
माझे वडील लहानपणी खंदकात मासे पकडत असत.
एकदा गळाला लोखंड लागले. ते फुटले नाही.
फोन पुढे काही बोलला नाही.
ङा मॅडमनी बुरुजाचा फोटो काढला,
त्यात एक शेळी आली, तिचाही काढला.
सात-आठ पोरं मागे. त्यांतलं एक मला म्हणे,
हाई बाई कोठनी शे? आठे काय शे देखाले?
फोनमधल्या बाईने माफी मागितली.
तिला अहिराणी येत नाही.

दुपारी एरंडोलच्या अलीकडे भरीत.
पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी.
हिरव्या मिरचीने मॅडमच्या डोळ्यांत पाणी आणलं
आणि तिने अजून एक मागितली.
तेव्हा मला वाटलं, हिचं-आपलं जमेल.

शेवटी फरकांडे.
झुलते मनोरे म्हणून आम्ही सांगतो,
एकावर चढून हलवला की दुसराही हलायचा.
सांगतो खरं, पण आता उभा एकच.
झुलेखाबी तिथे बकऱ्या चारते, तिने लहानपणी जोडी पाहिलेली.
मॅडमनी चपला काढल्या, कोणी सांगितलं नव्हतं,
दोन्ही तळवे विटांना लावले,
ढकलायला नाही, ताप बघतात तसे.
आणि मान वळवून
जिथे काही नाही तिकडे बघत राहिली.
फोन म्हणाला: दुसरा कोठे आहे?
झुलेखाबी म्हणाली, पडना.
फोन म्हणाला: क्षमस्व, समजले नाही.
मॅडमनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.
दोघी बसल्या मग. किती वेळ, ते मी मोजलं नाही.
वेटिंगचे पैसेही लावले नाहीत.

रात्री घरी आलो तर धाकटी तक्ता पाठ करत होती.
बाबा, आमच्या मॅडम म्हणतात, ङ वरून शब्द नाही.
म्हटलं, आहे.
आज मागच्या सीटवर बसला होता.
तिने पेन्सिल पुढे केली:
मग इथे चित्र काय काढू?

मनोरा म्हणावं तर म वरून.
मासा म वरून.
तिखट त वरून.

पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे.